रायगड जिल्ह्यातील द्विभाषिकता : कातकरी आणि कोर्लईची क्रिस्ती

महाड तालुक्यातील सव हे सावित्रीकाठचे गाव उष्णोदकाच्या झऱ्यांसाठी परिचित आहे. या खोऱ्याची व्यवहारभाषा मराठी होय. तथापि महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातील कातकरी वाड्यांत मराठीखेरीज आणखी एक बोली नांदत आली आहे. याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, कोर्लई येथे, पोर्तुगीजोद्भव अशी दुसरी बोली आढळते. दोन्ही समाज मराठीच्या शेजारात द्विभाषिक झाले. परंतु त्यांच्या बोलींचे प्राक्तन सारखे नाही. त्याची कारणे इतिहासात शोधावी लागतात.

प्रथम कोर्लईचा विचार करू. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये चौल येथे किल्ला बांधण्यास प्रारंभ केला आणि १५९४ मध्ये खाडीपलीकडील कोर्लईचा डोंगरी कोट निजामशाहीकडून जिंकून घेतला. १७४० च्या तहाने हा प्रदेश मराठ्यांकडे आला. राज्यकर्ते गेले, पण कोटाच्या पायथ्याशी राहिलेल्या ख्रिस्ती वस्तीने आपली बोली सोडली नाही. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये या बोलीचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते; येथे ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाते. मराठीतून उचललेल्या क्रियापदांसाठी तर या बोलीने उकारान्त असा स्वतंत्र वर्गच निर्माण केला. म्हणजे मराठीपासून दूर राहिल्याने ती टिकली असे म्हणता येत नाही. एकत्र वस्ती, धर्म व जातिबंधनांमुळे आपसांतच होणारे विवाह आणि घरात व गावात रोज चालणारा वापर यांनी तिला आधार दिला.

कातकऱ्यांची स्थिती याहून भिन्न आहे. खैराच्या झाडापासून कात काढणे हा त्यांचा परंपरागत धंदा. त्यावरूनच त्यांचे नाव पडले. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलावरील निर्बंध वाढत गेले. पुढे कोळशाच्या व विटांच्या भट्ट्या हे उपजीविकेचे साधन झाले. पावसाळा सरला की कुटुंबे मुलाबाळांसह भट्टीवर जातात आणि पुढील पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. वर्षातील बराच काळ वाडी अशी विखुरलेली असते. मालक, मुकादम, बाजार यांच्याशी मराठीतच बोलावे लागते. कोर्लईकराला मिळालेले स्थैर्य त्यांना लाभले नाही. कातकऱ्यांची संख्या कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीच्या कित्येक पट आहे. यावरून बोलीचे भवितव्य केवळ भाषकसंख्येने ठरत नाही, असा निष्कर्ष निघतो.

येथे वर्गीकरणाचाही प्रश्न उद्भवतो. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कातकरीचा समावेश मराठीच्या प्रकरणात, कोकणातील मिश्र बोलींमध्ये करण्यात आला. संविधानात १९५६ मध्ये समाविष्ट झालेला ३५०-अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करण्यास सांगतो. परंतु कातकरी ही मराठीच मानली, तर मराठी शाळा हीच मातृभाषेची शाळा ठरते आणि प्रश्नच उरत नाही. वर्गातील मुलाची अडचण मात्र शिल्लक राहते. कोर्लईची बोली बोलणारे सुमारे हजार. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या मातृभाषा तर जनगणनेच्या प्रसिद्ध कोष्टकांत स्वतंत्रपणे दिसतच नाहीत.

म्हणून या बोलींचे रक्षण म्हणजे केवळ शब्दसंग्रह करणे नव्हे. मराठी शिकल्याने कातकरी मूल आपली बोली विसरतेच असे नाही. कोर्लईच्या कित्येक पिढ्या याला साक्ष आहेत. मात्र ती बोली बोलण्यास वाडी वर्षभर भरलेली असली पाहिजे. भट्टीच्या हंगामात मूल वाडीत राहील, पहिल्या इयत्तांत शिक्षकाला त्याचे बोलणे कळेल, एवढी व्यवस्था झाली तरी भाषासंवर्धनाच्या दृष्टीने ती संग्रहालयातील ध्वनिमुद्रणापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.