नीलवंत
नीलवंत : (राणी पाकोळी, शा. नाव : पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर). पॅपिलिओनिडी कुलातील मोठे फुलपाखरू. महाराष्ट्राने २०१५ मध्ये याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. प्रसार दक्षिण भारत, पश्चिम घाट व श्रीलंका येथे असून, पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील ताम्हिणी परिसरासारखी दमट, दाट जंगले त्याला मानवतात.

पंखविस्तार १२–१५ सेंमी. पंख मखमली काळे. मागच्या पंखांवर फिकट निळा पट्टा व त्यात काळे ठिपके. खालच्या बाजूस पंखांच्या बुडाशी लाल डाग असतात. मादी माकडलिंबू, लिंबू इ. झाडांच्या पानांवर सुटी अंडी घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी हिरवी होते. डिवचल्यास ती डोक्यामागून दुभंगलेली, उग्र वासाची ग्रंथी बाहेर काढते. नर क्षारांसाठी ओल्या मातीवर बसतात.

याच प्रजातीतील पॅपिलिओ मॅकाऑन ही जाती यूरोपात सर्वदूर व भारतात हिमालयात आढळते. तिच्या मागच्या पंखांना शेपट्या असतात; नीलवंताला त्या नसतात. यूरोपातील डोंगराळ भागांतील अपोलो फुलपाखरूही याच कुलातील आहे.