पंच निवडून येतो तेव्हा

आपल्याकडे निवडणूक कोण घेते, असे विचारले तर शाळकरी मूलही निवडणूक आयोगाचे नाव सांगेल. घटनेच्या ३२४व्या कलमाने हे काम आयोगाकडे सोपविले. १९५० साली पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झालेले सुकुमार सेन सनदी अधिकारी होते. मते मागत ते कोणाच्या दारी गेले नव्हते. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत स्थायिक आहेत. तेथील अनेक राज्यांत निवडणुकीचा हा प्रमुखच पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो, हे ऐकून आपण चकित होतो. त्या पदास ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणतात.

३ नोव्हेंबर १९९८ रोजी फ्लोरिडाच्या मतदारांनी या पदावर रिपब्लिकन पक्षाच्या कॅथरीन हॅरिस यांना निवडले. त्या संत्र्यांच्या बागांनी धनाढ्य झालेल्या घराण्यातील होत्या. कंपन्यांची नोंदणी, दप्तरखाना, कलाविषयक कारभार आणि निवडणुका असे त्यांच्या खात्याचे कडबोळे होते. गंमत अशी, की त्याच दिवशी मतदारांनी एक घटनादुरुस्तीही मंजूर केली. २००३ पासून हे पद निवडणुकीने भरायचे नाही, गव्हर्नरने नेमणूक करायची, असे तीत होते. म्हणजे हॅरिसबाई त्या राज्यातील शेवटच्या निर्वाचित सेक्रेटरी ठरल्या. नियतीला मात्र त्यांच्याच कारकिर्दीत परीक्षा घ्यायची होती.

७ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. फ्लोरिडात सुमारे ६० लाख मते पडली आणि जॉर्ज बुश यांची आघाडी दोन हजारांच्याही आत राहिली. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणून कायद्याने फेरमोजणी आलीच. अनेक काउंट्यांत मतपत्रिकेला टोचून भोक पाडायचे असे. कागदाची टिकली पूर्ण न सुटता लोंबकळत राहिली, तर ते मत धरावे की सोडावे? अधिकारी मतपत्रिका दिव्यासमोर धरून डोळे बारीक करीत होते आणि सारे जग ते पाहत होते.

हातमोजणीस वेळ हवा होता. हॅरिस यांनी कायद्यातील मुदतीवर बोट ठेवले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती २६ नोव्हेंबरपर्यंत वाढविली. पाम बीच काउंटीने आणखी थोडा अवधी मागितला, तो त्यांनी नाकारला आणि त्याच संध्याकाळी बुश ५३७ मतांनी विजयी झाल्याचे प्रमाणित केले. पुढे वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १२ डिसेंबरच्या निकालाने मोजणी कायमची थांबली.

हॅरिस यांनी लबाडी केली, असे आम्ही म्हणत नाही. मुदत कायद्यात लिहिलेलीच होती. परंतु त्या बुश यांच्या फ्लोरिडातील प्रचाराच्या सहअध्यक्षा होत्या, आणि राज्याचे गव्हर्नर बुश यांचे सख्खे बंधू! अशा पंचाने नियमाप्रमाणे शिटी वाजविली तरी हरलेल्याने ती कशी मानावी? बरे, नेमणुकीची नवी पद्धतही फारशी सोवळी नव्हे; नेमणारा गव्हर्नर तरी पक्षाचाच ना?

याउलट उदाहरण शेजारच्या जॉर्जियाचे. २०२०मध्ये तेथे जो बायडन ११,७७९ मतांनी जिंकले. सर्व मतांची हाताने मोजणी होऊनही निकाल तोच राहिला. सेक्रेटरी ब्रॅड रॅफेन्सपर्गर हे डॉनल्ड ट्रम्प यांच्याच पक्षाचे. २ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी त्यांना दूरध्वनी करून ११,७८० मते शोधावयाची आहेत असे सांगितले. रॅफेन्सपर्गर यांनी आकडे बदलले नाहीत.

२४ मे २०२२ रोजी ते पक्षांतर्गत निवडणुकीस सामोरे गेले. ट्रम्प यांचा पाठिंबा प्रतिस्पर्धी जोडी हाइस यांना होता. तरी रॅफेन्सपर्गर निम्म्याहून अधिक मते घेऊन पहिल्याच फेरीत जिंकले. तेथे मतदाराची पक्षनिहाय नोंद नसते, त्यामुळे विरोधी पक्षाच्या काही मतदारांनीही त्यांना मत दिले. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा पदावर आले. राज्य निवडणूक मंडळाचे अध्यक्षपद मात्र विधिमंडळाने २०२१ सालीच कायदा करून त्यांच्याकडून काढून घेतले होते. ते त्यांना परत मिळाले नाही.