दुनिया, जग आणि ग्लोबल

पुण्याच्या कॅम्पात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका शिंप्याचं दुकान आहे. दोन मशिनं, एक इस्त्री. परवा त्यानं पाटी बदलली आणि नावाआधी ‘ग्लोबल’ लावलं. का, म्हणून विचारलं. म्हणाला, “आजकल सब लगातें, चाचा.”

शब्द तसा फार जुना नाही. लॅटिन ‘ग्लोबस’ म्हणजे गोळा. इंग्रजीत सतराव्या शतकात ‘ग्लोबल’ म्हणजे नुसतं गोल. ‘जगभरचं’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. मार्शल मॅक्लुहान यांच्या १९६२ च्या पुस्तकानं ‘ग्लोबल व्हिलेज’ गाजवलं, आणि १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर शब्द आपल्या पाट्यांवर चढला. खरं तर आपला ‘भूगोल’ त्याचा सख्खा भाऊ; पण त्याला आपण शाळेतच ठेवून आलो.

‘जग’ मात्र गोल नाही. जगत् म्हणजे जे चालतं ते. ‘विश्व’ म्हणजे सगळं. आणि ‘दुनिया’? हा अरबी शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत आला. त्याच्या धातूचा अर्थ जवळ असणं. आखिरत नंतरची, दुनिया जवळची. अम्मी “दुनिया क्या बोलेगी” म्हणायची तेव्हा दुनिया म्हणजे शेजारची चार घरं. वाड्यातल्या काकू “जग काय म्हणेल” म्हणत. त्यांचं जगही तेवढंच!

शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, तेव्हापासून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय शोधणं चालू आहे. माधव जूलियन फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवत. त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५ साली पुण्यातच निघाला. पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूनं उभे राहिले. गझल मराठीत रुजवणाऱ्या माणसाचं हे मला अजून उलगडत नाही.

बी.ए.ला असताना मी अम्मीवर एक कविता लिहिली. एका अंकाच्या संपादकांनी त्यातली ‘दुनिया’ खोडून ‘विश्व’ केलं. ‘विश्व काय म्हणेल’ असं कुणाची आई म्हणते? पण छापून येत होतं, मी गप्प बसलो. संग्रह निघाला तेव्हा ‘दुनिया’ परत घातली. अम्मी तोवर गेली होती.