अर्जासोबतचें पत्र

परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा करून परभणी जिल्ह्यांतील एखादी मुलगी पहिल्या नोकरीसाठीं अर्ज लिहावयास बसते, तेव्हां एक लहानसा प्रश्न तिला अडवितो : अर्जाबरोबर स्वतःचें पत्र जोडावें, कीं नुसते दाखले पाठवावे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण श्रोतेहो, त्याच्यामागें बराच इतिहास आहे.

पत्राची शिस्त आपल्या प्रांतांत नवी नाहीं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्या नांवावर मोडणारें ‘मेस्तक’ हें दप्तर व पत्रव्यवहार यांच्या रीतींचेंच पुस्तक होय. चारठाण्याच्या देवळांना आपण हेमाडपंती म्हणतों. आपल्या पत्रांच्या मायन्यांनाहि तें नांव शोभेल. पुढें निजामी अमलांत दरबारची भाषा आधीं फारसी व मागाहून उर्दू झाली. ‘अर्ज’ हा शब्दच मुळीं अरबी, आणि त्याचा अर्थ विनंती. तो अजीजीचा सूर आमच्या पत्रांतून अजून गेलेला नाहीं.

परिचारिकेच्या पत्राला मात्र आणखी एक ओझें वाहावें लागे. १८५४ सालीं इंग्लंडांत परिचारिकांची नोंदवहीच नव्हती. त्या वर्षीं १४ ऑक्टोबरला फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें क्रिमियन युद्धांतील जखमींच्या सेवेला जाण्याची तयारी श्रीमती हर्बर्ट यांना पत्रानें कळविली; दुसऱ्याच दिवशीं त्यांचे पति, युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट, यांनीं तिला तेंच काम पत्करण्याविषयीं लिहिलें. दोन्ही पत्रें वाटेंत एकमेकांना चुकवून गेलीं! त्याच सुमारास जमेकाची मेरी सीकोल शिफारसपत्रें घेऊन लंडनच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होती. तिला सर्वत्र नकार मिळाला; शेवटीं ती स्वखर्चानें युद्धभूमीवर गेली. आपला वर्ण आड आला कीं काय, हा संशय तिनें १८५७ च्या आत्मचरित्रांत नमूद केला आहे. एकीची मंत्र्याच्या घरीं ओळख होती, दुसरीची नव्हती. चांगल्या पत्रानेंहि तें अंतर तुटलें नाहीं.

आपल्याकडे १९०९ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनानें स्त्रियांना ससून रुग्णालयांत परिचर्या शिकण्यास पाठविलें. रुग्णसेवा हलकी मानणाऱ्या त्या काळांत उमेदवार बाईच्या पत्रापेक्षां रमाबाई रानडे यांचा शब्द अधिक वजनाचा ठरला असल्यास नवल नाहीं.

मग नोंदणी आली. मुंबई इलाख्यांत १९३५ चा कायदा झाला. परभणी तेव्हां हैदराबाद संस्थानांत, म्हणजे त्याच्या हद्दीबाहेर. १९४७ सालीं अखिल भारतीय परिषदेचा कायदा आला, आणि १९६६ सालीं महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा. योग्यतेचा पुरावा देण्याचें काम पत्राकडून नोंदवहीकडे गेलें, हा माझ्या मतें या इतिहासांतील खरा पालट.

म्हणून सरकारी भरतींत, जेथें अर्जाचा नमुना ठरलेला असतो व निवड गुणांवर होते, तेथें जाहिरातींत मागितल्यावांचून पत्र जोडण्यांत अर्थ नाहीं. खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयाची गोष्ट निराळी. तेथें अर्ज एखादी मुख्य परिचारिका वाचते आणि तिला रात्रपाळीला माणूस हवें असतें. तिच्यासाठीं पत्र अवश्य लिहावें, पण पानभरापेक्षां अधिक नको. सेवाभावाचीं विशेषणें गाळावीं. कोणत्या कक्षांत किती महिने काम केलें, प्रसूतिगृहाचा अनुभव आहे कीं शस्त्रक्रियागृहाचा, याच रुग्णालयांत कां यावयाचें, नोंदणीक्रमांक काय आणि रुजू कोणत्या तारखेस होतां येईल, एवढें लिहून खालीं सही करावी.