रशियन भाषाशिक्षण : भारतीय भाषकांच्या शंका

रशियन ही इंडो-यूरोपीय कुळातील स्लाव्हिक शाखेची भाषा असून ती ३३ अक्षरांच्या सिरिलिक लिपीत लिहितात. हैदराबादेत १९५८ साली स्थापन झालेल्या इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेत १९७२ मध्ये रशियन, जर्मन व फ्रेंच या भाषांची भर पडली; या संस्थेचे लखनौ केंद्र १९७९चे. पुण्यात रशियनचे वर्ग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चालतात. लखनौचा हिंदी-उर्दूभाषक आणि मराठीभाषक यांच्या शंका बऱ्याच अंशी सारख्या असल्या, तरी मातृभाषेनुसार काही अडचणी वेगळ्या होतात.

उच्चार : रशियन त, द दंत्य आहेत, इंग्रजीच्या सवयीने ट, ड म्हणणे चूक. महाप्राण व्यंजने रशियनमध्ये नाहीत. तिथला ‘ख’ घर्षक असून उर्दूतील ‘खत’, ‘खास’ या शब्दांमुळे तो लखनौकरांच्या तोंडी आधीच असतो. उलट ‘चमचा’मधला दंत्य च मराठीत आहे, हिंदीत नाही, ‘अत्येच’ (वडील) या शब्दाच्या शेवटी तोच येतो. कठोर व मृदू व्यंजनांचा भेद दोघांनाही नवा : ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, तर शेवटचा त मृदू केल्यास ‘घेणे’. आघाताची जागा ठरलेली नसते व लेखनात ती सहसा दाखवत नाहीत. पहिल्या अवयवावर आघात दिल्यास ‘जामक’ (किल्ला), दुसऱ्यावर दिल्यास ‘जमोक’ (कुलूप). आघातहीन ओ ‘अ’सारखा ऐकू येतो, म्हणून राजधानी ‘मस्क्वा’. शब्दान्ती घोष व्यंजन अघोष होते. ‘गोरद’ (शहर) लिहून ‘गोरत’ वाचतात.

लिंग व विभक्ती : लिंगे तीन. हिंदीभाषकाला नपुंसकलिंग नव्याने शिकावे लागते. मराठीभाषकाला ती कल्पना परिचित असते, पण ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी म्हणून ‘क्नीगा’ही तसेच धरण्याची चूक होते, ते स्त्रीलिंगी आहे. विभक्ती सहा असून प्रत्ययातच वचनही व्यक्त होते. ‘मला थंडी वाजते’ या धर्तीची चतुर्थीची रचना रशियनमध्येही आहे : ‘म्न्ये खोलदना’. संख्यावाचकांचा नियम मात्र अपरिचित : एक घर ‘अदीन दोम’, दोन ते चारनंतर षष्ठी एकवचन, ‘द्वा दोमा’, पाचपासून षष्ठी अनेकवचन, ‘प्यात्य दमोफ’, एकवीसला पुन्हा प्रथमा एकवचन.

क्रियापद : भूतकाळ लिंगानुसार बदलतो, पुरुष ‘चिताल’, स्त्री ‘चिताला’ (वाचत होता, होती). मराठी-हिंदीत ‘मुलीने पुस्तक वाचले’, ‘लड़की ने किताब पढ़ी’ यांत सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते. रशियनमध्ये ते नेहमी कर्त्याप्रमाणे. क्रियेची पूर्णता दाखवणारी स्वतंत्र क्रियापदे असतात : ‘चितात्य’ म्हणजे वाचणे, ‘प्रचितात्य’ म्हणजे वाचून संपवणे. ‘वाचून काढले’, ‘पढ़ लिया’ यांसारखे संयुक्त प्रयोग इथे उपयोगी पडतात. पायी जाणे व वाहनाने जाणे यांसाठी वेगळी क्रियापदे आहेत.

संबोधन : ‘ती’ म्हणजे तू, ‘वी’ म्हणजे तुम्ही, ‘वी’मधला ई मराठी ईपेक्षा मागे उच्चारतात. शिक्षकांना आदराने हाक मारताना नाव व पितृनाम जोडतात, उदा. ‘इवान पित्रोविच’, आडनाव लावत नाहीत. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ही पद्धत लवकर जमते.