घामातून गेलेले मीठ

कडक उन्हात दिवसभर अंगमेहनतीचे काम केले की संध्याकाळी काही जणांना निराळाच त्रास सुरू होतो. पोटऱ्यांत गोळे येतात. कधी पोटाचे स्नायू दगडासारखे घट्ट होतात. मळमळते, डोके जड होते, समोर आलेले ताट नकोसे वाटते. घरातले म्हणतात, "ऊन लागलं", "फार ओढलंस अंगावर", "सवय राहिली नाही". ही उत्तरे अगदीच चूक नाहीत. पण त्यांतून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. शरीरात नेमके काय बिघडले?

हे उत्तर वैज्ञानिकांना प्रयोगशाळेत बसून सापडले नाही. त्यासाठी त्यांना कोळशाच्या खाणीत उतरावे लागले, धरणाच्या बांधकामावर जावे लागले, कामगारांचा घाम आणि लघवी मोजावी लागली. आणि उत्तर मिळाल्यावरही गोष्ट संपली नाही, कारण एका चुकीच्या समजुतीच्या जागी दुसरी येऊन बसली.

धट्टेकट्टेच का आजारी पडतात?

बोटींच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे, पोलादाच्या भट्ट्यांवर राबणारे आणि खोल खाणीत कोळसा फोडणारे कामगार या पेटक्यांना चांगले ओळखत होते. डॉक्टरांनीही त्यांची नोंद केली होती. अमेरिकेत डेव्हिड एड्सॉल या डॉक्टरांनी 1904 आणि 1908 मध्ये अशा रुग्णांचे तपशीलवार वर्णन केले. प्रचंड उष्णतेत काम करणाऱ्यांचे स्नायू विलक्षण चिडखोर होतात आणि आपोआप आवळले जातात, हे त्यांनी दाखवले. असे का होते, हे मात्र त्यांना सांगता आले नाही.

कामगारांची स्वतःची एक समजूत होती. तापलेल्या अंगाने भरपूर पाणी प्यायले की पेटके येतात, असे ते म्हणत. शिकलेल्या माणसाला ही अंधश्रद्धा वाटली असती. उलट पाणी कमी पडल्यानेच त्रास होत असणार, असे त्याने सुनावले असते. शिवाय आणखी एक कोडे होते. हा आजार दुबळ्यांपेक्षा चांगल्या ताकदीच्या, जास्त काम उरकणाऱ्या माणसांना गाठत होता. मग "अशक्तपणा" हे कारण कसे मानायचे?

हाल्डेन खाणीत उतरतात

जॉन स्कॉट हाल्डेन (1860–1936) हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ. पुढे 1957 मध्ये भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांचे ते वडील. खाणीतील विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून सोबत कॅनरी पक्षी न्यावा, ही सूचना त्यांचीच. ज्या हवेत कामगार श्वास घेतो त्या हवेत स्वतः जाऊन पाहायचे, ही त्यांची कामाची रीत होती.

कॉर्नवॉलमधील डोलकोथ या कथलाच्या खाणीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी उष्णतेचा अभ्यास केला. 1905 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. माणसाला सोसवेल की नाही हे साध्या तापमापीवरून ठरत नाही. ते ओल्या तापमापीवरून ठरते. तापमापीचा फुगा ओल्या कापडात गुंडाळला की तिच्यावरील तापमान बाष्पीभवनामुळे खाली येते. हवा दमट असेल तर ते फारसे उतरत नाही. आपले घामेजलेले अंगही त्या ओल्या कापडासारखेच. स्थिर हवेत ओल्या तापमापीचा आकडा सुमारे 31 अंश सेल्सिअसच्या वर गेला, की उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाचेही शरीराचे तापमान वाढू लागते, असे हाल्डेन यांना आढळले. राबणाऱ्या माणसाची मर्यादा अर्थातच याच्या बरीच खाली येते.

म्हणजे घाम नुसता येऊन चालत नाही, तो वाळावा लागतो. दमट खाणीत घाम वाळत नाही, नुसता गळतो. शरीर आणखी घाम सोडते. किती?

साडेपाच तासांत साडेआठ किलो

हे मोजले के. नेव्हिल मॉस यांनी. बर्मिंगहॅम येथे हाल्डेन यांच्या सोबतीने काम करणाऱ्या मॉस यांचा कोळसा कामगारांवरील निबंध 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. मँचेस्टरजवळची पेंडलटन ही कोळशाची खाण 1,000 मीटरपेक्षा खोल आणि अतिशय गरम होती. पद्धत अगदी सोपी होती. पाळीच्या आधी आणि नंतर कामगाराचे वजन करायचे, मध्ये काय खाल्ले-प्यायले आणि लघवी किती झाली याचा हिशेब ठेवायचा. एका कामगाराने साडेपाच तासांत सुमारे साडेआठ किलो घाम गाळल्याची नोंद झाली.

आता थोडे गणित करू. एक लिटर घामात साधारण 1 ते 4 ग्रॅम मीठ असते. माणसागणिक आणि सवयीप्रमाणे हे प्रमाण बदलते. 2 ग्रॅम धरले तरी साडेआठ लिटरबरोबर 17 ग्रॅम मीठ गेले. माणूस दिवसभराच्या जेवणातून खातो साधारण 10 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाच-सहा तासांत दीड दिवसाचे मीठ अंगावरून वाहून गेले. कामगार त्याची भरपाई कशाने करतो? साध्या पाण्याने.

मॉस यांनी पेटके आलेल्या कामगारांची लघवी तपासली, तेव्हा तिच्यात क्लोराइड जवळजवळ नव्हतेच. मूत्रपिंडे मिठाचा कण न् कण राखून ठेवत होती. शरीर मिठाला भुकेले होते, हे यावरून दिसले.

कामगारांच्या समजुतीचा अर्थ आता लागला. आपल्या रक्तातील मिठाचे प्रमाण शरीर काटेकोरपणे सांभाळते. मीठ गेले आणि नुसते पाणी आत आले की रक्त पातळ होते. मग पाणी पेशींमध्ये शिरते, पेशी फुगतात, मज्जातंतू आणि स्नायूंच्या कामात गोंधळ होतो. पाणी प्यायल्यावर पेटके येतात हे कामगारांचे निरीक्षण खरे होते. पाणी कमी प्यावे हा त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र घातक ठरला असता. पाणी हवेच होते, पण त्यात मीठ हवे होते. एका गॅलनला, म्हणजे साडेचार लिटरला, सुमारे 10 ग्रॅम क्षार मिसळलेले पाणी खाणीत देऊन पाहिले. पेटके थांबले आणि थकवाही कमी जाणवू लागला.

कोलोरॅडोच्या घळीत

ही माहिती 1923 पासून छापील स्वरूपात होती. तरी आठ वर्षांनी अमेरिकेत काय झाले पाहा.

कोलोरॅडो नदीवर आज हूव्हर नावाने ओळखले जाणारे धरण बांधायला 1931 मध्ये सुरुवात झाली. मंदीचे दिवस होते. कामाच्या आशेने हजारो माणसे नेव्हाडाच्या वाळवंटात येऊन तंबू ठोकून राहिली. वसाहत बांधून होण्याआधीच काम सुरू झाले होते. उन्हाळ्यात तापमान 45 अंशांच्या वर जात होते. 25 जून ते 26 जुलै या एका महिन्यात कामगार आणि नदीकाठच्या वस्तीतील माणसे मिळून सोळा जण उष्णतेने दगावले. ऑगस्टमध्ये कामगारांनी संप केला. त्यांच्या मागण्यांत पिण्याचे स्वच्छ, थंड पाणी ही एक मागणी होती. संप मोडला, पण बोभाटा झाला.

1932 च्या उन्हाळ्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या 'फटीग लॅबोरेटरी'चे, म्हणजे थकव्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेचे पथक तिथे आले. डेव्हिड ब्रूस डिल आणि जॉन टॅलबट हे त्यातले प्रमुख. त्यांनी कामगारांबरोबर स्वतःचाही घाम आणि रक्त तपासले. पेटक्यांच्या रुग्णांच्या रक्तात सोडियम आणि क्लोराइड कमी होते, लघवीतून मीठ जवळजवळ नाहीसे झाले होते आणि मिठाचे पाणी दिल्यावर पेटके सुटत होते. मॉस यांच्या निष्कर्षाला आता रक्ताच्या तपासणीचा आधार मिळाला.

आणखी एक गोष्ट दिसली. उन्हात काम करण्याची सवय होत जाते तसे घामातील मिठाचे प्रमाण कमी होते. "सवय नाही ना" या घरगुती उद्गारामागचे शास्त्र ते हेच. शरीराला जुळवून घ्यायला एक-दोन आठवडे लागतात. मीठ राखायला लावणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा शोध पुढे 1953 मध्ये लागला. पहिल्याच दिवशी नव्या माणसाला पूर्ण काम देणे धोक्याचे का, हे यावरून कळते.

मिठाविना दहा-अकरा दिवस

तरीही एक शंका उरते. हा सगळा त्रास उष्णतेचा की मीठ कमी झाल्याचा? दोन्ही कारणे एकत्र असतील तर ती वेगळी कशी करायची?

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील रॉबर्ट मॅकॅन्स यांनी मार्ग काढला. काही निरोगी स्वयंसेवकांनी, त्यांत मॅकॅन्स स्वतःही होते, मीठ जवळजवळ नसलेले अन्न खाल्ले. रोज काही वेळ कृत्रिम उष्णता देऊन त्यांना घाम आणला आणि पाणी हवे तितके दिले. दहा-अकरा दिवसांत त्यांना ना खाणीत जावे लागले, ना फावडे उचलावे लागले. तरी जबर थकवा आला, थोड्या हालचालीने धाप लागू लागली, तोंडाची चव गेली, भूक मेली आणि पेटके आले. मीठ खाताच तक्रारी झपाट्याने ओसरल्या. 1936 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मिठाची कमतरता एकटीही माणसाला आजारी पाडते, हे त्यातून ठरले.

उपायाचा अतिरेक

यानंतर मिठाच्या गोळ्यांचा जमाना आला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना आणि नंतर कारखान्यांत, खेळाडूंना त्या सर्रास दिल्या गेल्या. पुरेसे पाणी न पिता मीठ गिळले तर पोट बिघडते, उलट्या होतात आणि शरीरातील पाण्याची टंचाई वाढते. "घाम आला की मीठ" हा मंत्र झाला, मोजणे मागे पडले.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तहान असो नसो, धावताना पाणी पीतच राहावे असा सल्ला लांब पल्ल्याच्या धावपटूंना मिळू लागला. 1985 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टिम नोक्स यांनी अति पाणी प्यायल्याने आजारी पडलेल्या धावपटूंची नोंद प्रसिद्ध केली. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले. धावून वजन कमी होण्याऐवजी ज्यांचे वाढले होते, त्यांना हा धोका सर्वांत अधिक होता. त्या शर्यतीत एक धावपटू याच कारणाने मरण पावली. कामगारांची ती जुनी समजूत ऐंशी वर्षांनी पुन्हा खरी ठरली.

सगळे पेटके मिठाच्या कमतरतेचे असतात, असेही नाही. पेटके आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंच्या रक्तातील सोडियममध्ये अनेकदा फरक सापडत नाही. दमलेल्या स्नायूवरील मज्जासंस्थेचे नियंत्रण बिघडते, हे स्पष्टीकरण 1990 च्या दशकापासून पुढे आले आहे. पेटक्यांचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडणारे वाक्य मात्र अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. ते शिकवताना जपून शिकवावे. व्यायामानंतर लॅक्टिक आम्ल तासा-दोन तासांत रक्तातून कमी होते. ज्याला रात्री झोपेत गोळा येतो, त्याची जबाबदारी दुपारच्या लॅक्टिक आम्लावर कशी टाकणार?

शाळेत आणि शाळेबाहेर

क्रीडा महोत्सवाच्या सरावात मुलाला पेटके आले, तर त्याला सावलीत बसवून स्नायू हळूहळू ताणावा, थोडे मीठ घातलेले सरबत किंवा ताक घोट घोट द्यावे. पण मूल असंबद्ध बोलू लागले, तोल गेला, अंग चटका बसेल इतके तापले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. मग मिठाची चर्चा नको. तोंडाने काही न देता अंगावर पाणी ओतून, वारा घालून ते ताबडतोब थंड करावे आणि दवाखान्यात न्यावे.

वर्गात करण्याजोगा प्रयोगही आहे. खेळाच्या तासापूर्वी आणि नंतर अंग पुसून वजन करा, प्यायलेले पाणी मोजा आणि किती घाम गेला त्याचा हिशेब मुलांना मांडू द्या. दोन तापमापींपैकी एकीला ओले कापड गुंडाळून मैदानावर टांगा. मे महिन्यात रत्नागिरी आणि जळगाव येथील शाळांनी आपापले आकडे पत्राने एकमेकांना कळवले, तर कोरड्या आणि दमट उष्णतेतील फरक मुलांना व्याख्येविना समजेल.

हा विषय इथे संपत नाही. निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत तरुण ऊसतोड कामगारांना मूत्रपिंडाचा गंभीर आजार मोठ्या प्रमाणावर होतो. त्याची सर्व कारणे ठरलेली नाहीत, पण उष्णतेतील अतिकष्टांवर मोठा संशय आहे. तिथल्या एका कारखान्याच्या शेतांवर पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती यांची व्यवस्था वाढवल्यावर मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्याचे आढळले आहे.

आपल्याकडे ऊसतोड मजुराला पैसे टनावर मिळतात, वीटभट्टीवर हजार विटांमागे. सावलीत बसलेला प्रत्येक क्षण त्यांच्या मजुरीतून कापला जातो. मीठ-पाण्याचा हिशेब हाल्डेन आणि मॉस यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडून दिला. विश्रांतीचा हिशेब मात्र मजुरीचे दर ठरवणाऱ्यांनी मांडायचा आहे. आपल्या वर्गात त्या मजुरांची मुले बसत असतील, तर घामाचे हे गणित फळ्यावर अवश्य करावे.