उंबरठ्यावरचे मानकरी

आमच्या सोनाळ्यात हरिनाम सप्ताह लागला की मंडपाच्या खांबाला पहाऱ्याची यादी अडकवली जायची. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जायची. रात्री दोन ते चार कोणी उभं राहायचं, हे यादी सांगे. माझ्या वडिलांचं नाव त्या यादीत कधी नव्हतं. ते मंडपाच्या तोंडाशी बसून लोकांच्या चपला सांभाळत. शाळकरी वयात मला त्याची फार लाज वाटे.

पुढे बायबलमधलं 'गणना' हे पुस्तक वाचनात आलं, आणि तिथंही मला कामांची यादीच भेटली. इस्राएल लोक रानातून मुक्काम हलवत चालले होते. देवाचा मंडप दर मुक्कामी उभारायचा, पुन्हा उतरवायचा. याजकपण अहरोनाच्या घराण्याकडे. बाकीचं काम लेवी वंशाच्या तीन कुळांत वाटलेलं. तीस ते पन्नास वयाचे पुरुष मोजले, ते एकूण 8580 भरले. मरारीच्या 3200 जणांकडे फळ्या, अडसर, खांब आणि उथळ्या. त्यांना 4 गाड्या आणि 8 बैल. गेर्षोनाच्या 2630 जणांकडे पडदे नि आच्छादनं. 2 गाड्या, 4 बैल. (शेतकऱ्याच्या पोराचं लक्ष आधी बैलांकडेच जायचं.) कहाथाच्या 2750 जणांकडे कराराचा कोश, वेदी, दीपवृक्ष अशा सर्वांत पवित्र वस्तू. त्यांना मात्र एकही गाडी नाही. ओझं खांद्यावरच न्यायचं, तेही झाकलेलं. उघडून पाहायची मुभा नाही.

याच कहाथाचा नातू कोरह. सगळीच मंडळी पवित्र असताना मोशे आणि अहरोन यांनीच वर का चढून बसावं, असं त्यानं विचारलं. पुस्तक त्याला बंडखोर ठरवतं. धरणी दुभंगून तो गडप होतो. मला मात्र तो प्रश्न पोरकट वाटत नाही. आमच्या गावगाड्यात जन्मानं ठरलेल्या कामांनी माणसांचं काय केलं, हे पाहिलेल्याला तो सहज उडवून लावता येणार नाही.

पण गोष्ट तिथं संपत नाही. कोरहाचे मुलगे वाचले. 'पहिला इतिहास' या पुस्तकात त्यांचे वंशज मंदिराचे द्वारपाळ म्हणून दिसतात. कोणता दरवाजा कोणाकडे, हे लहानमोठा भेद न करता चिठ्ठ्या टाकून ठरलं. कोरहपुत्रांच्या नावावर स्तोत्रंही आहेत, आणि त्यांतल्या एकात देवाच्या उंबरठ्याशी असण्याची ओढ आहे.

जेरुसलेमचं दुसरं मंदिर इ.स. 70 मध्ये पडलं. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजात तर याजकांची वा लेवींची घराणी टिकलीच नव्हती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनिवार तेली'. सुंता आणि लग्नं लावायला त्यांचे काजी गावोगाव फिरत. काजीपण मात्र ठरावीक घराण्यांतच असे. सामुएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत या समाजाचं पहिलं सिनेगॉग उभारलं. तिथं प्रार्थना चालवायला हझान आणि झाडलोट, दिवाबत्तीला शमाश. कारभार बघणाऱ्यांना नावं दिली ती थेट आपल्या गावातली, मुकादम आणि चौगुला! लेवी नव्हते, पण दिवा लावायचं काम कोणाच्या तरी अंगावर होतंच.

एकदा धीर करून मी वडिलांना विचारलं होतं, 'तुम्हाला वीणा का देत नाहीत?' ते म्हणाले, 'मी अठी बसतो म्हून लोकं तठी बिनघोर बसतात ना!' त्यांनी स्वतःहून कधी मागितली नाही, हे खरं. त्यांना कोणी विचारलं नाही, हेही तितकंच खरं, आणि ते मला अजून सलतं.

मोठा झाल्यावर एका वर्षी यादीत माझं नाव लागलं. पहाटे चारला वीणा पुढच्याच्या गळ्यात घालून मी बाहेर आलो. कंदिलाच्या उजेडात शेकडो जोड पडलेले. मी वाकून शोधू लागलो, तेवढ्यात वडिलांनी काही न बोलता माझी चप्पल पुढे सरकवली.